खांब कुणाचा ते आधी बघा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतले निवडणुकीचे फलक उतरवून घ्यायचं काम आम्ही चार-पाच घरांनी मिळून २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत केलं. फार मोठं काही घडलं नाही. बरेच फलक उतरले, काही परत लागले, काहींपुढं आम्ही हात टेकले. पण अर्ज कुठं द्यायचा, त्यात काय लिहायचं, कोण कुणाकडं बोट दाखवतं हे कळण्यातच आमचा निम्मा वेळ गेला. तुमचा तो वाचावा म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

सुरुवात नवरात्रातच झाली होती. गल्लीच्या तोंडाला एका बाजूला विजेचा खांब आणि दुसऱ्या बाजूला कडुनिंब. या दोघांच्या मध्ये फलक ताणला की गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला मिरजकर तिकटीकडून येणारी गाडी दिसतच नाही. स्कूटीचं पुढचं चाक रस्त्यावर आणल्याशिवाय पलीकडचं काही कळत नाही, आणि सकाळी शाळेच्या वेळी तिथं रिक्षांची रांग असते. फलकावर अंबाबाईचा फोटो कोपऱ्यात अंगठ्याएवढा आणि शुभेच्छुकांचे चेहरे परातीएवढे. दसरा १२ ऑक्टोबरला झाला. फलक तसाच राहिला आणि त्याच्या खाली दिवाळीच्या शुभेच्छांचा दुसरा आला.

तेव्हा आचारसंहिता नव्हती. म्हणजे प्रश्न एवढाच होता की फलकाला परवानगी आहे का. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ प्रमाणे आकाशचिन्ह, म्हणजे उंचावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक, किंवा जाहिरात लावायला आयुक्तांची परवानगी लागते. आमच्या फलकावर परवानगीचा क्रमांक किंवा मुदत असलं काही नव्हतं. मी एका कार्यालयात विचारायला गेले. "घेतली असेल हो परवानगी, सण आहे," असं उत्तर मिळालं. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, "खांब आमचा नाही, झाड उद्यानवाल्यांचं." त्या माणसानं मला टाळलं होतं हे खरं, पण त्याच्या त्या एका वाक्यानं पुढचं सगळं काम सोपं केलं. फलक कुणाचा हे सगळेच बघतात. तो ज्यावर बांधलाय ते कुणाचं, यावर कुठलं कार्यालय, कुठला नियम आणि किती तासांची मुदत हे ठरतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर. दुपारी निवडणूक आयोगानं कार्यक्रम जाहीर केला आणि त्या क्षणापासून आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबर, मोजणी २३ नोव्हेंबर. आयोगाचं गणित असं आहे: सरकारी कार्यालयं आणि त्यांच्या आवारातलं सगळं २४ तासांत उतरलं पाहिजे, सार्वजनिक मालमत्तेवरचं, म्हणजे विजेचे आणि टेलिफोनचे खांब, बसथांबे, पूल, रस्त्याकडेची जागा, ४८ तासांत, आणि खासगी मालमत्तेवरचं, जे स्थानिक कायद्यात बसत नाही ते, ७२ तासांत. शुक्रवारी दुपारपर्यंत तिन्ही मुदती संपल्या. मोठ्या रस्त्यांवरून मध्यरात्री ट्रक फिरले, भलेमोठे फलक गुंडाळून गेले आणि सकाळी शहर ओळखू येईना. गल्ल्या मात्र तशाच राहिल्या. यात कुणाचा कावा असेल असं मला वाटत नाही. माणसं मोजकी, ट्रक आत शिरत नाही आणि गल्लीतून तक्रार आलेली नसते.

रविवारी, २० तारखेला, सकाळी सातला पहिल्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक आणि मी वही घेऊन निघालो. सरांनी रकाने आखून आणले होते: जागा, कशावर बांधलंय, ते कुणाचं, कुणाचा चेहरा, मुद्रक-प्रकाशकाचं नाव आहे का. सकाळी सात ही वेळ मुद्दाम. रात्री दोनपर्यंत जागलेली पोरं तेव्हा झोपेत असतात, आणि उजेड पाठीमागून आला तर फोटोत अक्षरं नीट वाचता येतात.

"ते कुणाचं" हा रकाना भरायलाच सगळ्यात वेळ लागला. महावितरणच्या खांबावर रंगानं क्रमांक टाकलेला असतो, तो शोधायचा. नुसत्या रस्त्यावरच्या दिव्याचा खांब महापालिकेचा. बसथांबा केएमटीचा, म्हणजे तोही शेवटी महापालिकेचाच. शाळेची भिंत कुणाची, हे शाळेच्या फाटकावरच्या पाटीवर वाचायचं. झाडाला ठोकलेले खिळे आणि वायर वेगळे लिहायचे. आमच्या अपार्टमेंटच्या कंपाउंडवर लागलेल्या दोन फलकांपुढं सरांनी "आपलं" असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मुद्रक-प्रकाशकाचा रकाना मला आधी फालतू वाटला होता. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो; नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आयोगानं हे फ्लेक्सनाही लागू केलं आहे. आमच्या गल्लीतल्या बहुतेक फलकांवर उजव्या खालच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत ते होतं. जिथं नव्हतं, तिथं तक्रारीत एक ओळ जादा मिळाली, आणि तशा तक्रारींना उत्तर लवकर आलं असा आमचा अनुभव.

मग सी-व्हिजिल, म्हणजे आचारसंहिताभंगाची तक्रार करायचं निवडणूक आयोगाचं ॲप. मोबाइल नंबर टाकून ओटीपी घेतला की सुरू होतं. हे ॲप आचारसंहितेच्या काळातच चालतं. फोटो त्यातूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ घ्यायचा, लोकेशन चालू ठेवायचं, आणि घेतल्यावर पाच मिनिटांत पाठवायचा. त्यामुळं आमच्या वहीतल्या नोंदी घरी बसून भरता येत नव्हत्या, प्रत्येक फलकापुढं परत उभं राहावं लागलं. पुढं काय होतं तेही ठरलेलं आहे: जिल्हा नियंत्रण कक्ष पाच मिनिटांत भरारी पथकाला कळवतो, पथकानं पंधरा मिनिटांत पोचायचं, अर्ध्या तासात पाहणी करायची, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं पन्नास मिनिटांत निर्णय द्यायचा. सगळे मिळून शंभर मिनिटं.

नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला कळत नाही. मी नावानं केली. बायको कशाला पुढं होते म्हणून घरी थोडी कुरबुर झाली. "पेठेत सगळ्यांना सगळं कळतंच, मग नाव देऊनच करू," एवढंच मी म्हटलं.

पहिली तक्रार गल्लीच्या तोंडाच्या फलकाची. मी भाकरी थापत होते आणि गाडी आली. तिघं उतरले, त्यांच्यातल्या एकाच्या हातात कॅमेरा. फोटो काढला, खांबाचा क्रमांक टिपला, फलक कापून काढला, पुन्हा फोटो काढला. शंभर मिनिटं भरायच्या आत काम झालं होतं. ॲपवर तक्रार निकाली निघाल्याचंही दिसलं. मला तर इतका आनंद झाला की सरांना हाक मारून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी दुसऱ्या पक्षाचा फलक होता. कारण पथकानं फ्लेक्स काढला होता आणि खांबाला बांधलेला लोखंडी सांगाडा, बाइंडिंग वायरसकट, तसाच ठेवला होता. हे नीट लक्षात घ्या. फ्लेक्स बांधायला पाच मिनिटं लागतात, मेहनत सगळी सांगाडा उभा करण्यात आहे. तक्रारीच्या वर्णनात "फ्लेक्स, लोखंडी सांगाडा आणि वायर" असे तिन्ही शब्द लिहा. आम्ही त्यानंतर तसंच लिहीत गेलो. बऱ्याच ठिकाणी सांगाडेही गेले. कडुनिंबाची वायर मात्र सालीत रुतली होती. ती पुढं एका इलेक्ट्रिशियननं पकडीनं कापली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पोरं आली ती याच आठवड्यात. तालमीतलीच, लहानपणापासून बघितलेली. दोघं दारात, तिसरा जिन्यात फोनवर.

"वहिनी, आमचाच काढलासा. त्यांचा का न्हाई?"

मी वही आणली. पान उलटून दाखवलं. त्यांचा होता, त्यांच्या विरोधकांचा होता, अपक्षाचा होता आणि एका नेत्याच्या वाढदिवसाचा उरलेला जुनाही होता.

"मग आदी त्यांचा काढायचा की."

"ज्या क्रमानं भिंत लागली त्या क्रमानं काढतोय," सर मागून म्हणाले. ते कधी वर आले होते कोण जाणे.

जिन्यातल्या पोरानं फोन ठेवला आणि विचारलं, "सर, ह्यो खर्चात धरत्यात काय?" त्याला त्याच्या माणसांनी विचारायला लावलं असावं. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांची खर्चमर्यादा असते, आणि फलकांचा खर्च त्यात धरतात. त्यासाठी जिल्ह्याचं दरपत्रकही केलेलं असतं. फोटोत उमेदवाराचं नाव आणि फलकाचा आकार दिसत असेल तर तो खर्च कक्षाकडं जाऊ शकतो. मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा राज्याचा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. त्याचं नाव काढलं तर कुणाच्या चेहऱ्यावरची माशी उडाली नाही. "खर्चात धरतील" म्हटल्यावर मात्र तिघांनी एकमेकांकडं बघितलं. अपार्टमेंटच्या कंपाउंडवरचा एक फलक त्याच रात्री गायब झाला, तक्रार न करता.

जाताना एकजण म्हणाला, "काकी, आमास्नी बांदायचं पैसं मिळत्यात. काढायचं कोण देत न्हाई." हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. त्याच्यावर राग धरावा असं मला वाटलं नाही. आणि एक: एकाच पक्षाच्या फलकाची तक्रार कधीही करू नका. त्या दिवशी वहीत एकाच बाजूची पानं असती तर बोलणं दारातच फाटलं असतं.

कंपाउंडवरच्या दुसऱ्या फलकाची गोष्ट लांबली. खासगी भिंतीवर फलक लावायचा तर मालकाची राजीखुशीची लेखी संमती लागते, आणि उमेदवारानं ती मालकाच्या नाव-पत्त्यासह तीन दिवसांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं द्यायची असते. आमच्याकडं खाली दुकानं आहेत. एका दुकानदारानं "लावा की, काय जातंय" म्हटलं होतं. पण कंपाउंड त्याचं एकट्याचं नव्हतं. त्याचं नाव घेऊन तक्रार करायची नाही असं आम्ही ठरवलं. रोज त्याच्याकडूनच दूध घेतो. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले तेव्हाच सेक्रेटरींनी वहीत ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, त्यानंही केली. ठरावाची प्रत जोडून "संस्थेनं कुणालाही संमती दिलेली नाही" असं पत्र तयार झालं.

पत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नावे द्यायचं. आमचा भाग कोल्हापूर उत्तर, मतदारसंघ क्रमांक २७६. उपनगरांकडं राहत असाल तर दक्षिण, २७४, असू शकतो. मतदार यादीत आपलं नाव बघून खात्री करा, कारण चुकीच्या मतदारसंघाच्या टेबलावर पत्र गेलं की ते फिरत राहतं. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. ४ नोव्हेंबरला अर्ज मागे घ्यायची मुदत होती, त्या दिवशी कुठल्याही निवडणूक कार्यालयाकडं फिरकण्यात अर्थ नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. बाकावर बसलो, झेरॉक्स पुन्हा काढायला लावली, जेवणाची सुट्टी झाली, शिक्का मिळाला. खर्च म्हणाल तर प्रिंट, झेरॉक्स आणि रिक्षा. दोन दिवसांत फलक गेला.

१८ तारखेला संध्याकाळी प्रचार थांबला आणि पेठेत कान मोकळे झाले. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही आणि पक्षांचं टेबल दोनशे मीटरच्या बाहेर लागतं. आमच्या केंद्राजवळ दोरी आणि चुन्याची रेघ व्यवस्थित होती, म्हणून तिथं काही करावं लागलं नाही.

खरी गंमत २३ नोव्हेंबरला. दुपारी निकाल लागला, गुलाल झाला, आणि रात्रीत अभिनंदनाचे फलक आले. ज्यांचे उमेदवार हरले त्यांचे "जनतेचे आभार"ही आले. आचारसंहिता उठली तसं सी-व्हिजिल बंद. शंभर मिनिटांची सवय लागलेल्या आम्हाला परत "अर्ज द्या, बघतो" या दुनियेत यावं लागलं. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ लाच सविस्तर निकाल दिलेला आहे, आणि त्याचं पालन होत नाही म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये राजकीय पक्षांना अवमानाची कारवाई का करू नये असंही विचारलं. अर्जात या निकालाचा उल्लेख केला की टेबलापलीकडचा माणूस अर्ज एकदा तरी पूर्ण वाचतो, एवढा फायदा मी बघितला आहे. त्याच वर्षी १३ मे रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेही सरांनी लिहा म्हटलं होतं. मी लिहिलं नाही. आमच्या फलकानं मरण्याएवढं कोण दबलं नसतं. ज्याचा जेवढा त्रास आहे तेवढाच लिहावा.

डिसेंबरात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांच्या आत. "फलकांवर कारवाई का केली नाही" असं विचारू नका. "का" ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा. आम्ही मागितलं ते असं: १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात आमच्या रस्त्यावर फलकांना दिलेल्या परवानग्यांच्या प्रती. बस्स. अर्ज ज्या कार्यालयात दिला त्यांनी तो कलम ६(३) खाली दुसऱ्याकडं पाठवला. अशी बदली पाच दिवसांत करून तुम्हाला कळवायची असते. उत्तराची मुदत तीस दिवस. ती उलटली, म्हणून पहिलं अपील केलं, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. अपिलाची सुनावणी लागायच्या आधीच उत्तर आलं. पानाला दोन रुपये भरायचे होते, पण भरायची वेळच आली नाही, कारण आमच्या रस्त्यावर त्या काळात एकही परवानगी दिल्याची नोंद आढळत नाही, असं एका ओळीचं पत्र होतं.

ते पत्र सध्या आमचं सगळ्यात कामाचं कागदपत्र आहे. अभिनंदनाच्या फलकांविरुद्धच्या अर्जाला त्याची झेरॉक्स जोडली आणि मुकादम माणसं घेऊन आला. वाढदिवसाचे फलक अजून लागतात. एकाचा फोन नंबर फलकावरच असतो, तिथं सरळ फोन करून "कोपरा दिसत नाही, तेवढा चार फूट सरकवा" म्हटलं तर बहुतेक वेळा सरकवतात. अर्जापेक्षा स्वस्त.

महापालिकेत २०२० पासून प्रशासक होते, निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. महापालिकेची पुढची निवडणूक येईल तेव्हा एक लक्षात ठेवा. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. तेव्हा तक्रारीचा नंबर आणि ॲप कुठलं ते कार्यक्रम जाहीर होईल त्या दिवशी नव्यानं बघा, जुन्यावर विसंबू नका. संमती नसल्याचं पत्र मात्र आधीच देऊन ठेवता येतं. आमच्या पत्राचा मजकूर असा होता, नाव-पत्ते बदलून जसाच्या तसा वापरा:

"महोदय, वरील पत्त्यावरील इमारतीची कंपाउंड भिंत, फाटक, गच्ची व दर्शनी भाग ही संस्थेच्या सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता आहे. कोणत्याही पक्षास, उमेदवारास अगर व्यक्तीस तेथे फलक, झेंडा, पताका अथवा लोखंडी सांगाडा लावण्यास संस्थेने संमती दिलेली नाही. कोणा एका सभासदाच्या अगर भाडेकरूच्या नावे संमतिपत्र सादर झाल्यास ते ग्राह्य धरू नये. सोबत ठरावाची प्रत व भिंतीचा आजच्या तारखेचा फोटो जोडला आहे. कृपया पोच द्यावी."